बिनडोळ्यांचे मोर

मंगळवार, १२ नोव्हेंबर. सकाळपासून मोराच्या बाह्या काढतेय. अकरा करवल्यांचे ब्लाउज आहेत आणि प्रत्येक बाहीवर एक मोर, म्हणजे बावीस मोर संध्याकाळपर्यंत व्हायला हवेत. काम तसं माझं नाही, मशीनचं आहे. कॉम्प्युटरवर डाव्या बाहीचा मोर ठेवायचा आणि एक बटण दाबायचं, की तो तोंड फिरवून उजव्या बाहीचा होतो. मग मशीन टाके घालत राहतं आणि मी शेजारी खुर्ची टाकून दोरा तुटायची वाट बघते. एरवी हेच मशीन वाळूजच्या कामगारांच्या खिशांवर कंपन्यांची नावं काढतं. बजाजनगरात लोक मला भरतकामवाल्या मॅडम म्हणतात. त्यातलं भरतकाम विजेवर चालतं. मॅडम तेवढी मी.

तरी पहिल्या दोन बाह्या निघाल्या की त्या स्वतःच्या दंडांना लावून मी आरशासमोर उभी राहते. डावा मोर पुढं बघतोय, उजवाही पुढं बघतोय, अशी खात्री झाल्याशिवाय तिसरी बाही लावत नाही. बटण कधी चुकत नाही हे मला माहीत आहे. मी चुकते, हेही माहीत आहे आणि ते मला एका बाईंसमोर कळलं.

लग्न होऊन आले तेव्हा नवरा वाळूजच्या एका कंपनीत नुकता लागला होता. आम्ही जुन्या शहरात एका अंगणाच्या कडेची खोली भाड्यानं घेतली. घरमालकीण म्हणजे खाला, आपल्या भाषेत मावशी. नात्यानं त्या कुणाच्या खाला होत्या ते कधी कळलं नाही. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना खालाच म्हणत. साठीच्या आसपासच्या, उंच, एकट्या. अंगणाच्या पलीकडे त्यांचं घर, पुढं ओटा, ओट्यावर खाटेएवढा अड्डा, म्हणजे भरत काढायचं कापड ताणून बांधायची लाकडी चौकट. ओट्याच्या खांबाला एक बकरी बांधलेली असे. बकरीला नाव नव्हतं, पण तिच्याशी बोलणं पुष्कळ होतं. खाला कुणावर रागावल्या की त्याच्याशी बोलत नसत, त्याच्यादेखत बकरीशी बोलत.

“देखी क्या? लोगां दुपार को बारा बजे सडा टाकतेत.”

हे मला होतं. पहिल्या महिन्यात माझ्याविषयी त्यांची जी काही मतं मला कळली, ती सगळी बकरीमार्फत कळली. ती फारशी चांगली नव्हती. माझीही त्यांच्याविषयी नव्हती.

खालांचे वडील शेरवान्यांच्या गळ्यांवर जरीचं काम करायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शेरवान्या घालणारे काही हैदराबादेला गेले, काही आणखी लांब, आणि राहिले त्यांनी बुशशर्ट घातले. “पहले गले काढते थे, फिर जेबां काढने लगे,” असं त्या सांगत. जेबां म्हणजे शाळेच्या गणवेशाच्या खिशांवरचे बिल्ले. हे सांगताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलत नसे. पावसाळ्यात भाजी बदलते तसं सांगत. मला वाटतं, माझ्यासारख्या बाईला त्यांच्याबद्दल आदर वाटायला सुरुवात झाली ती तिथं.

गिऱ्हाईक घेण्याची त्यांची रीत अजब होती. नमुना कुठला, रंग कुठला, कधी पाहिजे, हे नंतर. पहिला प्रश्न: “धोनेवाला कौन?” कपडे धुणारी बाई आहे म्हटलं तर रेशीम वापरत नसत, सुती दोऱ्यानं घट्ट टाके घालून देत. मीच धुते म्हटलं की हात पुढं करायला सांगत. एकदा एका साहेबांच्या बायकोचे हात बघून म्हणाल्या, “झूट.” बाई चिडून निघून गेल्या आणि पुढच्या आठवड्यात परत आल्या, कारण तसं काम दुसरीकडे होत नव्हतं.

उशीच्या अभ्र्यावर मधोमध फूल त्या काढत नसत. कोपऱ्यात काढत. “बीच में काढलं तर सकाळी गालावर गुलाब घेऊन हापिसात जायचं का?” एका नवरदेवानं रुमालावर स्वतःचं आणि होणाऱ्या बायकोचं नाव वेलीत गुंफून मागितलं. खालांनी ते दोन नावांच्या मध्ये बोटभर जागा ठेवून काढलं. का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “हवा लगने को.”

पण यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्या डोळे काढत नसत.

मोर, पोपट, हरीण, हत्ती, सगळं काढत, आणि काढत असं की पिसाऱ्यावर हात फिरवावासा वाटे. पण डोळ्याची जागा कोरी. जिवाला जीव देणं आपलं काम नाही, ज्याचं आहे तो वर बसलाय, असं त्यांचं म्हणणं. डोळा नसेपर्यंत मोर हा मोर नाही, वेलबुट्टीच आहे, एवढी सूट त्यांनी स्वतःला दिली होती. त्यांच्याच गल्लीतले दुसरे कारागीर डोळ्यांसकट हरणं काढत. त्याबद्दल विचारलं तर “उनका उनके पास” म्हणत आणि विषय संपवत. गिऱ्हाइकं मोर घरी नेऊन डोळा स्वतः घालत किंवा शेजारणीकडून घालून घेत. आमच्याकडं मूर्तीचे डोळे शेवटी उघडतात, त्यामुळं हिंदू बायकांना त्यात काही वावगं वाटत नसे. उलट आपल्या हातानं डोळा घालताना काहीजणी हळदकुंकू वाहत.

तर एक दिवस मी दारात बसून नवऱ्याच्या शर्टाला बटण लावत होते. खाला अंगणातून ओरडल्या, “ए, गाठ मारता येती का गं?”

“येती की.”

“पोपट से डर लगता?”

“पोपटाला काय भ्यायचंय?”

त्यांनी एक पोपट माझ्या मांडीवर टाकला, काळा दोरा दिला आणि स्वतः तोंड फिरवून बकरीकडं बघत बसल्या. मी गाठीचा टाका घालून डोळा केला. माझ्या मते तो उत्तम झाला होता. पण डोळा दोन सूत वर गेला होता, आणि त्या पोपटाला कुणाच्या तरी घरची भानगड नुकतीच कळलीय असं दिसत होतं. गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, “खोलीत कुठंही बसा, माझ्याकडंच बघतोय.” खाला म्हणाल्या, “अच्छा है, चोर नहीं आएगा.”

तेव्हापासून मी डोळेवाली झाले. तीन वर्षं मी डोळे घातले. माझे हत्ती झोपाळू, माझी हरणं कर्जबाजारी, माझे मोर दुपारी जेवून उठल्यासारखे. हळूहळू बरे व्हायला लागले. डोळा घालताना खाला दरवेळी तोंड फिरवत, आणि घालून झाला की कापडाकडं न बघता घडी करून देत. मी मात्र त्यांचं सगळं बघत होते. सुई कुठून वर येते, दोरा किती ताणतात, पिसाऱ्याच्या टोकाला टाका का आखूड करतात. मला शिकवा, असं काही मी कधी म्हटलं नाही. मी मॅट्रिक झालेली होते. बघून येण्यासारख्या गोष्टीसाठी कुणाच्या पाया पडायचं, असा माझा विचार होता. तीन वर्षांत माझा असा समज झाला की बाकीचा मोर मला येतो.

हा समज तपासायची संधी लासूर स्टेशनहून आली. लासूर माझं माहेर. तिथल्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत्याची बायको, आमच्या ओळखीच्या काकू, मुलीच्या लग्नाचा शालू घेऊन खालांकडं आल्या. शालूतूनच निघालेलं ब्लाउजचं कापड होतं, डाळिंबी रेशीम. दोन्ही बाह्यांवर मोर हवे होते. खाला म्हणाल्या, लग्नाआधी माझ्याकडं तारीख नाही. काकू हिरमुसून निघाल्या. मी पाण्याची कळशी तिथंच ठेवली आणि गल्लीच्या तोंडाशी त्यांना गाठलं.

“काकू, मी करून देते.”

“तू? तू तर डोळे घालती ना?”

“डोळा शेवटी येतो काकू. त्याच्या आधीचं सगळं आलं म्हणूनच डोळा घालू देतात.”

इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी बोलले नव्हते. काकूंनी कापड दिलं. ते घेऊन परत येताना मला दिसत होतं ते मोरबीर काही नाही. मांडवात बायका विचारतायत, कुणी केलं गं, आणि उत्तरात माझ्या बापाचं नाव येतंय, असं दिसत होतं.

काम खोलीत दार लावून करायचं ठरवलं. आधी खाका केला, म्हणजे कागदावर मोर काढून रेषेरेषेवर सुईनं भोकं पाडली. तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा फिरवला की भोकांतून ठिपके उतरतात. रॉकेलच्या वासाची मला चिंता नव्हती; स्टो होताच. पहिल्या बाहीवर मोर उतरवला. दुसऱ्या बाहीसाठी कागद उलटा करायचा असतो, म्हणजे मोराचं तोंड फिरतं. हे मला पक्कं माहीत होतं. मी कागद उलटला. मग नवरा कामावरून आला, मी सगळं खाटेखाली सारलं, त्याला चहा केला. परत बसले तेव्हा वाटलं, कागद उलटायचा राहिलाय. म्हणून मी तो पुन्हा उलटला.

आठ दिवस भरत काढलं. पिसारा जरा बारका झाला, पण मोर उभा राहिला. दोन्ही डोळे घातले, आणि ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले डोळे होते. दोन्ही बाह्या दंडांना लावून मी नवऱ्यासमोर उभी राहिले.

नवरा बराच वेळ बघत होता. म्हणाला, “यातला एक रुसलाय का?”

“म्हणजे?”

“हा पुढं बघतोय. हा मागं एसटी येती का बघतोय.”

दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या होत्या.

लग्न पाच दिवसांवर होतं. काकू तीन दिवसांनी बाह्या न्यायला येणार होत्या, कारण शिंप्याला एक दिवस लागणार. तसलं कापड दुसरं मिळणं शक्य नव्हतं. एक पूर्ण दिवस मी काहीच केलं नाही. म्हणजे स्वयंपाक केला, खोली दोनदा झाडली, आणि एक मोर पुढं, एक मागं ही नवीन फॅशन आहे असं काकूंना कसं सांगायचं याची तालीम केली. नवऱ्यानं ऐकून घेतलं. “लासूरला नको सांगू,” म्हणाला, “तिथं लोक बैलाची जोडीसुद्धा तोंडं बघून लावतात.”

खालांकडं जायचं तर एवढंच नव्हतं की चूक दाखवायची. त्यांच्या ओट्यावरून गेलेलं गिऱ्हाईक मी गल्लीत गाठलं होतं. खोली त्यांची, सुई त्यांची, मी डोळे घालते म्हणून गल्लीत जी काही माझी ओळख होती तीही त्यांची. यातलं काय काय जाईल ते मी रात्रभर मोजत होते. सकाळी नवरा कामावर गेल्यावर बाह्या टॉवेलात गुंडाळून ओट्यावर गेले.

खालांनी दोन्ही बाह्या शेजारी-शेजारी ठेवल्या. चष्मा वर केला, खाली केला.

“मोर ठीक है,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “दोनो एकीच हात के.”

मी म्हटलं, “व्हय.”

त्यांनी बकरीकडं तोंड केलं. “देखी क्या? आठ दिन से इसकी उंगल्यां नीली हैं. मैं समझी, मियाँ को चिठ्ठ्यां लिखती. मियाँ तो रोज घर आता.”

मी हात पदराखाली घेतले. आठ दिवस मी तीच बोटं घेऊन, पाणी आलं का, मीठ द्या, म्हणत त्यांच्यासमोर उभी राहत होते. रॉकेलच्या वासाची सोय केली होती. बोटांचा विचारच केला नव्हता.

“काकू त्या दिवशी गल्लीत भेटल्या म्हणून,” मी सुरुवात केली.

“बकरी को मालूम है,” खाला म्हणाल्या.

मग त्यांनी एका बाहीचं कापड चिमटीत धरून चोळलं, उजेडात धरलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. दोन्हीकडून रेशीम सारखंच चमकत होतं. त्यांनी ते पालथं माझ्यासमोर ठेवलं.

“अब किधर देखता?”

मागून दोऱ्यांचा गुंता दिसत होता, पण त्या गुंत्याचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं. मला समजायला वेळ लागला, इतका की खालांनी एकदा बकरीकडं बघितलंसुद्धा. मोर उसवायचा. रेशमात सुईची भोकं राहणार; ती बुजत नाहीत, म्हणून तर रेशीम उसवायला सगळे भितात. पण कापड पालथं केलं तर तीच भोकं उजव्या बाहीच्या मोराची होती, एकेक जागच्या जागी. पुन्हा त्याच भोकांतून भरत काढायचं. निळीचे ठिपकेही आत जाणार होते.

“तुम्ही थोडा पिसारा घ्याल का?” मी विचारलं.

“मैं हात नहीं लगाती. आँख है उसको.” मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणाल्या, “जिसने डाली, वो निकालेगा.”

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डोळा मी कात्रीच्या टोकानं काढला. खाला तेव्हाही तोंड फिरवून बसल्या होत्या. डोळा गेला तशी ती पुन्हा वेलबुट्टी झाली, आणि त्यांनी दुसरी कात्री घेऊन शेपटाकडून उसवायला घेतलं. दुपारी कापड पालथं करून अड्ड्याला बांधलं. मी अंगाकडून, त्या पिसाऱ्याकडून. दिव्याच्या उजेडात त्या सुई धरत नसत; ऊन ओट्यावरून उतरलं तसं त्यांनी कापडावर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून पुन्हा बसलो. दोन दिवसांत त्या मला फक्त दोन वाक्यं बोलल्या. एक: “खींच मत.” दुसरं: “वो भोक छोड दी.” तीन वर्षं बघून मला जे येतं असं वाटत होतं, त्यातलं निम्मं मी उलट करत होते. ते त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत असणार.

चारच्या सुमारास काकू आल्या तेव्हा मी नवा डोळा नुकता घातला होता. तो आधीच्याइतका चांगला झाला नाही. काकूंनी दोन्ही बाह्या आपल्या दंडांवर धरल्या. दोन्ही मोर पुढं बघत होते.

“हा पिसारा लई भारी झालाय,” उजव्या बाहीवर बोट ठेवून काकू म्हणाल्या. “तुझाच ना?”

खाला सुपारी कातरत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, बकरीकडंही नाही.

“नाय,” मी म्हटलं. “पिसारा खालांचा. माझा तो डावीकडचा. तुम्हांला गल्लीत बोलले तेही खोटं होतं. मला फक्त डोळे येतात.”

काकूंनी डावी बाही पुन्हा बघितली. “ह्योबी काय वाईट नाय,” म्हणाल्या, मोंढ्यात ओल्या तुरीला म्हणतात त्या आवाजात, आणि बाह्या पिशवीत घालून बससाठी गेल्या. मांडवात कुणी विचारलं असेल तर त्यांनी काय सांगितलं, ते मला आजपर्यंत माहीत नाही.

मी अड्ड्याभोवती पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा केले. गोळा करून झाले तरी उभी राहिले. खोली सोडायची की नाही हे विचारायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलले.

“मला शिकवा.”

खालांनी सुपारी तोंडात टाकली.

“तीन बरस,” म्हणाल्या. “मैं रोज देखती, आज पूछेगी, कल पूछेगी. अरे, रोए बगैर माँ भी दूध नहीं देती. तुझे क्या लगा, मैं तुझ्या पाठीमागं येऊन म्हणेन, बाई, शिक?”

मला नेमकं तसंच वाटलं होतं. तसं सांगितलं नाही.

“कल सुबह आ,” त्या म्हणाल्या आणि अड्ड्यावर चादर टाकून आत गेल्या.

किती वाजता, ते बोलल्या नाहीत. मी विचारलंही नाही. विचारायची सवय त्याच दिवशी लागली होती आणि एका दिवसाला एक प्रश्न पुष्कळ झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवऱ्याचा डबा केला नाही. पाच वाजता जाऊन त्यांच्या पायरीवर बसले. दार सातला उघडलं.